परक्या गावचे पाणी

टिटवाळ्यात राहणाऱ्या माणसाला यात्रेकरू कसा असतो, हे वेगळे शिकवावे लागत नाही. संकष्टी चतुर्थी मंगळवारी आली, की आदल्या रात्रीपासूनच आमच्या गावाचे रूप पालटते. शहाड, आंबिवली मागे टाकून आलेल्या लोकलमधून माणसांचे लोंढे उतरू लागतात. स्टेशनापासून महागणपतीच्या मंदिरापर्यंतच्या रस्त्यावर पूर्वी टांगे धावत, आता रिक्षांच्या रांगा लागतात. त्या दिवशी कामावर निघालेल्या टिटवाळकराला आपल्याच स्टेशनात उलट्या प्रवाहातून वाट काढावी लागते.

आम्ही या गावी बिऱ्हाड केले, त्याला आता बरीच वर्षे झाली. आईचे माहेर वसईचे. वडील रेल्वेत होते. निवृत्तीनंतर परवडेल असे घर टिटवाळ्यात मिळाले आणि आम्ही येथलेच झालो. रविवारच्या मिस्सेला लोकलने जायचे आणि एरवी गावाच्या सुखदुःखात मिसळून राहायचे, हा आमचा परिपाठ. अंगारकीच्या दिवशी आई पहाटे उठून फाटकापाशी पाण्याचा माठ ठेवीत असे. माठावर झाकणी, झाकणीवर ओगराळे आणि शेजारी दोन पेले. दिवसातून सहा-सात वेळा ती माठ भरी. एकदा आम्ही तिला थट्टेने विचारले, "आई, हे यात्रेकरू गणपतीचे. तुझा माठ कशाला?" ती म्हणाली, "देवाकडे निघालेला माणूस तहानलेला असतो. तो कुठल्या देवाकडे निघालाय, हे पाण्याला कळत नाही."

आईची दृष्टी आम्हाला मात्र लाभली नव्हती. खिडकीत बसून यात्रेकरूंच्या चुका मोजणे, हा आमचा आवडता उद्योग होता. हे लोक धावत येतात, रांगेत घामाघूम होतात, दर्शन घेतात आणि धावतच परततात. जवळून वाहणाऱ्या काळू नदीकडे कुणी वळूनही पाहत नाही. कुणी आमच्या पायरीवर चपला काढून ठेवतो, कुणी खाऊन झालेल्या कागदी बशा फाटकात टाकून जातो. घरी गेल्यावर मात्र हे सर्व जण "टिटवाळा पाहिला" म्हणून सांगणार! आपण कुठे परगावी गेलो, तर असे मुळीच वागणार नाही, याविषयी आमच्या मनात शंका नव्हती. २०१६ साली रोमने तो भ्रम दूर केला. त्याची किंमत मात्र आमच्याऐवजी आईने मोजली.

त्या वर्षी १५ मार्चला पोप फ्रान्सिस यांनी जाहीर केले, की कोलकात्याच्या मदर तेरेसा यांना ४ सप्टेंबर रोजी संतपद देण्यात येईल. ती बातमी ऐकून आई बराच वेळ गप्प बसली. मग कपाटातून तिने बँकेचे पुस्तक काढले आणि आमच्यापुढे ठेवले. शिवणकाम करून तिने वर्षानुवर्षे साठवलेले पैसे त्यात होते. तिचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर. "एकदा पेत्राच्या मंदिरात जाऊन यावं, असं तुझ्या वडिलांच्याही मनात होतं," एवढेच ती म्हणाली.

तयारीत आम्ही कसूर केली नाही, असे त्या वेळी वाटले. युरोपच्या व्हिसासाठी वेळेवर अर्ज केला. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तो उतरवला. पारपत्रांच्या छायाप्रती काढून वेगळ्या पिशवीत ठेवल्या. आमच्या धर्मगुरूंनी पत्र दिले, त्यावरून सोहळ्याची तीन प्रवेशपत्रे मिळाली. ही प्रवेशपत्रे विनामूल्य असतात. पोपमहोदयांच्या बुधवारच्या भेटीचीही तशीच. ती पैसे घेऊन विकणारा कुणी भेटला, तर त्याच्यापासून दूर राहावे, हेही धर्मगुरूंनी बजावले होते.

याशिवाय आम्ही एक वही केली. त्या वहीत आमच्या सर्व चुका आधीच लिहून ठेवलेल्या होत्या, फक्त त्या आम्हाला वाचता येत नव्हत्या. शुक्रवारी रात्री रोम. शनिवारी सकाळी सात ते रात्री नऊ संपूर्ण रोम. रविवारी सोहळा. सोमवारी असिसी, मंगळवारी पादुआ, बुधवारी व्हेनिस. प्रत्येक स्थळापुढे तास आणि मिनिटे मांडली होती. इतके पैसे खर्चून जायचे, तर काहीही सुटता कामा नये, हा आमचा हिशेब. एक युरो तेव्हा सुमारे ७५ रुपयांना पडत होता. प्रत्येक मिनिटाचे आम्ही मनातल्या मनात रुपये करीत होतो.

शनिवार, ३ सप्टेंबर. ऊन कडक होते. पहिली रांग कलोसियमची. तिकिटे आधी घेऊन ठेवता येतात, हे ठाऊक असूनही आम्ही घेतली नव्हती, त्यामुळे जवळजवळ दोन तास उन्हात गेले. तेथून बसमध्ये बसलो. तिकिटे खिशात होती, म्हणून निर्धास्त होतो. पण रोमच्या बसमध्ये कागदी तिकीट नुसते जवळ असून चालत नाही. चढताच ते यंत्रात घालून त्यावर वेळेचा ठसा उमटवावा लागतो. तसे न केल्यास ते तिकीट नसल्यासारखेच. तपासनिसाने नियम शांतपणे समजावला आणि तिघांचा दंड वसूल केला. तो आईच्या महिन्याच्या निवृत्तिवेतनाच्या जवळपास जात होता. मुंबईच्या लोकलसाठी वर्षानुवर्षे यंत्रात कूपने छापून घेतलेल्या आम्हाला हे सुचू नये, याचे नवल वाटते. आपल्या गावी जी अक्कल चालते, ती परगावी जाताना माणूस बहुधा घरीच ठेवून निघतो.

त्रेवीच्या कारंज्यात आम्ही रिवाजाप्रमाणे नाणी टाकली. ती नाणी गोळा करून ख्रिस्तसभेच्या 'कारितास' या सेवासंस्थेला दिली जातात, एवढे मात्र ऐकून बरे वाटले. तेथून प्रसिद्ध स्पॅनिश पायऱ्या पाहण्यास निघालो. वाटेत एका तरुणाने हसत आईच्या मनगटावर रंगीत दोरा बांधला. आईला वाटले, पाहुण्यांचे स्वागत करण्याची ही येथली रीत असावी. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. दोरा बांधून झाल्यावर त्याने पैसे मागितले. अशा वेळी हात मागे घेऊन पुढे चालू लागावे, हे नंतर समजले. स्पॅनिश पायऱ्यांशी पोहोचलो, तो त्या दुरुस्तीसाठी बंद! ऑक्टोबर २०१५ पासून काम चालू होते आणि त्या २०१६च्या सप्टेंबर अखेरीस पुन्हा उघडायच्या होत्या. राहत्या ठिकाणी एका शब्दाने विचारले असते, तर ही पायपीट वाचली असती.

दुपारी दोन-तीन चर्चेस पाहायची, असे वहीत होते. रोममधली बरीचशी लहान चर्चेस दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतात आणि चारच्या आसपास उघडतात. आम्ही एका बंद दारासमोर उन्हात बसलो. तहानेने जीव कासावीस झाला, म्हणून मोठ्या चौकातल्या एका उपाहारगृहात शिरून खुर्च्यांवर बसलो आणि कॉफी व पाण्याच्या बाटल्या मागवल्या. उभ्याने घेतलेली कॉफी आणि मेजाशी बसून घेतलेली कॉफी यांचे दर इटलीत वेगवेगळे असतात. बिल पाहून पत्नीचा चेहरा उतरला. त्याच चौकाच्या कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा नळ अखंड वाहत होता. आम्ही त्याच्याकडे पाहिलेही नव्हते.

या साऱ्या चुका पैशाच्या होत्या. पैसा जातो, पुन्हा मिळतो. एक चूक मात्र वेगळी होती. प्रवासासाठी म्हणून आईला आम्ही कल्याणहून नवे बूट घेतले होते. ते तिने आधी चार दिवस घालून चालून पाहायला हवे होते, हे कुणाच्याच ध्यानात आले नाही. रोमच्या जुन्या रस्त्यांना काळ्या दगडाचे लहान चौकोनी तुकडे जडवलेले असतात. संत पेत्राच्या नावावरून त्यांना 'सांपिएत्रीनी' म्हणतात. दिसायला सुंदर, पण पायांना निर्दय. त्या दिवशी आई तीनदा म्हणाली, "जरा बसू या का?" तिन्ही वेळा आम्ही घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "एवढं झालं, की बसू."

आई कुरकुर करणाऱ्यांतली नव्हती. ती चालत राहिली.

रविवारी पहाटे चार वाजता आम्ही उठलो. चौकात जागा मिळवायची, तर अंधारातच निघणे भाग होते. आईने पलंगावरून पाय खाली टेकले आणि ती पुन्हा मागे बसली. दोन्ही टाचांवर फोड फुटले होते आणि उजवा घोटा एवढा सुजला होता, की पाय जमिनीवर ठेववत नव्हता. तिने दोनदा प्रयत्न केला. मग शांतपणे म्हणाली, "तुम्ही दोघं जा. मी येथूनच प्रार्थना करीन." आम्ही गेलो नाही. तिने पदरमोड करून आम्हाला येथवर आणले होते; तिला एकटीला मागे ठेवून आम्ही कोणता सोहळा पाहणार होतो?

आमचा मुक्काम सिस्टरांच्या एका लहानशा अतिथिगृहात होता. तेथील एक वयस्क इटालियन सिस्टर घंगाळात कोमट पाणी आणि मीठ घेऊन आल्या. त्यांनी आईचे पाय त्यात ठेवले आणि स्वतः जमिनीवर बसून ते चोळू लागल्या. आई संकोचाने मराठीत "राहू द्या, सिस्टर, राहू द्या" म्हणत होती आणि सिस्टर इटालियन भाषेत तिची समजूत घालीत होत्या. दोघींना एकमेकींचा शब्दही कळत नव्हता. मग जेवणघरातल्या दूरदर्शन संचासमोर आईची खुर्ची ठेवण्यात आली. संत पेत्राच्या चौकात लाखाहून अधिक लोक जमले होते. मदर तेरेसांचे नाव संतांच्या यादीत घेतले गेले, तेव्हा आईने हात जोडले. तिची प्रवेशपत्रे तिच्या मांडीवरच्या प्रार्थनापुस्तकात होती. जे टिटवाळ्याच्या घरी बसूनही दिसले असते, ते दृश्य पाहण्यासाठी आम्ही तिला हजारो मैल आणले होते.

त्या सोहळ्यानंतर पोप फ्रान्सिस यांनी इटलीतून आणलेल्या सुमारे दीड हजार गोरगरिबांना पिझ्झाचे जेवण दिले, असे नंतर समजले. ते ऐकून आईची कळी खुलली. "म्हणजे मदर जेवायला तेथे होत्या तर," ती म्हणाली. आम्ही क्षमा मागू लागलो, तेव्हा तिने हात हलवून थांबवले. "मदर काय, टीव्हीवरही त्याच दिसल्या. पण काल मी रोम पाहिलं नाही रे. तुझी वही पाहिली."

त्या एका वाक्याने आमची वही मिटली. असिसी, पादुआ, व्हेनिस, सारे रद्द केले. गाड्यांच्या तिकिटांचे पैसे बुडाले. उरलेले दिवस आम्ही त्या एका वस्तीतच काढले आणि खरे रोम आम्हाला तेथे भेटले.

सोमवारी आई चपला घालून, आमचा हात धरून कोपऱ्यापर्यंत चालली. तेथे लोखंडी खांबासारखा एक नळ होता. त्याच्या वाकड्या तोंडामुळे रोमकर त्याला 'नाझोने', म्हणजे मोठ्या नाकाचा, म्हणतात. १८७४ पासून नगरपालिकेने असे नळ बसवण्यास प्रारंभ केला. आज शहरात त्यांची संख्या अडीच हजारांच्या आसपास आहे आणि त्यांचे पाणी पिण्यास उत्तम असते. एका शाळकरी मुलाने नळाच्या तोंडावर बोट दाबून दाखवले. वरच्या बारीक छिद्रातून पाण्याची धार उसळली आणि त्याने ती अलगद तोंडात घेतली. आईने तसेच केले, तिचा अर्धा पदर भिजला आणि ती लहान मुलीसारखी हसली. "हा तर रोमचा माठ!" ती म्हणाली. बाटलीबंद पाण्यावर आम्ही केलेला खर्च तिने पुन्हा कधी काढला नाही. आम्हालाच तो आठवत राहिला.

सिस्टरांनी आम्हाला चार शब्द शिकवले. सकाळी 'बुओनजोर्नो', आभार मानताना 'ग्रात्सिए', कुणाला ओलांडून जाताना 'पेर्मेस्सो', चुकल्यास 'स्कूझी'. तेवढ्या भांडवलावर आईने भाजीवाल्याशी, पाववाल्याशी आणि संध्याकाळच्या मिस्सेला शेजारी बसणाऱ्या एका आजीबाईंशी ओळख केली. चर्चमधल्या प्रार्थना इटालियन भाषेत. आई उत्तरे मराठीत देई. मिस्सा तीच असल्यामुळे कुठे उठावे, कुठे गुडघे टेकावे, हे तिला कुणाला विचारावे लागले नाही.

मंगळवारी आम्ही संत पेत्राच्या मंदिरात गेलो. या खेपेस घाई नव्हती. खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील, तर तेथे आत सोडत नाहीत, म्हणून पत्नीने शाल घेतली होती. बसमध्ये पैसे व पारपत्रे अंगालगतच्या पिशवीत ठेवली. स्टेशनाकडून तिकडे जाणारी ६४ क्रमांकाची बस पाकीटमारांसाठी कुप्रसिद्ध आहे, हे सिस्टरांनीच सांगितले. ते दयेचे ज्युबिली वर्ष होते, त्यामुळे पवित्र दार उघडे होते. आई त्या दारातून एकेक पाऊल टाकीत आत गेली. वसईच्या संत गोन्सालो गार्सियांना १८६२ साली याच मंदिरात संतपद देण्यात आले होते, हे आम्ही तिला सांगितले, तेव्हा ती माहेरच्या माणसाच्या घरी आल्यासारखी इकडेतिकडे पाहू लागली. आत संत पेत्राचा काशाचा पुतळा आहे. शतकानुशतके भाविकांनी स्पर्श करून त्याच्या उजव्या पायाची बोटे पार गुळगुळीत झाली आहेत. आईने त्या पायाकडे पाहिले, मग आपल्या पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "ह्याचेही पाय झिजलेत की!"

आज मागे वळून पाहताना वाटते, की तिकिटावर ठसा न मारणे, बंद वेळेत जाणे, नको तेथे खुर्चीवर बसणे या चुका वरवरच्या आहेत. त्या सर्वांचे मूळ एकच. परके शहर म्हणजे आपल्यासाठी मांडून ठेवलेले प्रदर्शन आहे, असे आपण समजतो. तेथे माणसे राहतात, त्यांच्या जेवणाच्या, झोपेच्या, प्रार्थनेच्या वेळा आहेत, हे आपण विसरतो. २०२३च्या जूनमध्ये एका पर्यटकाने कलोसियमच्या भिंतीवर किल्लीने नावे कोरली आणि पकडला गेल्यावर, ही वास्तू इतकी प्राचीन आहे हे ठाऊक नव्हते, असे माफीपत्रात लिहिले. आपण त्याला हसतो. पण वसईच्या किल्ल्यातील पडक्या चर्चच्या भिंतींवर नावे कोरणारे हात आपल्याकडचेच आहेत. पाहुण्यांच्या अशा वागण्याला शहरेही आता कंटाळली आहेत. २०१९ पासून रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांवर बसण्यास मनाई झाली, तर २०२४ पासून व्हेनिसने गर्दीच्या ठरावीक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेण्यास सुरुवात केली.

याच्या उलट उदाहरण आपल्याच भाषेत आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. रोममध्ये त्यांनी येशूसंघात प्रवेश केला आणि १५७९ साली ते गोव्यात उतरले. सासष्टीच्या लोकांत ते राहिले, त्यांची बोली शिकले, मराठीच्या प्रेमात पडले आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. आठ दिवसांच्या प्रवाशाकडून कुणी पुराणाची अपेक्षा करणार नाही. परंतु चार शब्द शिकण्यास, घड्याळ खिशात ठेवण्यास आणि म्हाताऱ्या माणसाने "जरा बसू या का?" म्हटल्यावर खरोखरच बसण्यास काय हरकत आहे?

आई २०२१च्या पावसाळ्यात गेली. तिच्या प्रार्थनापुस्तकात ती तिन्ही प्रवेशपत्रे तशीच होती, कोरी, न फाडलेली. आम्ही ती काढली नाहीत.

२०२५च्या ज्युबिली वर्षात ओळखीची काही कुटुंबे रोमला निघाली, तेव्हा आमच्याकडे विचारायला आली. आम्ही त्यांना ठशाचे सांगितले, दुपारी बंद असणाऱ्या चर्चचे सांगितले, नळाच्या पाण्याचे सांगितले. बूट महिनाभर आधी घालून पाहा, असे तर दोनदा सांगितले. एका सद्गृहस्थांनी आपली वही दाखवली. आठ दिवसांत पाच शहरे. आम्ही त्यातली तीन खोडण्याची विनंती केली. त्यांनी खोडली की नाही, ठाऊक नाही.

अंगारकीला माठ आता आम्ही भरतो. खिडकीत बसून चुका मोजण्यास वेळ उरत नाही. गेल्या खेपेस एक मध्यमवयीन गृहस्थ आपल्या वृद्ध आईला जवळजवळ ओढीत मंदिराकडे नेत होते. आम्ही फाटक उघडले, खुर्ची बाहेर आणली आणि म्हणालो, "आजींना जरा बसू द्या. रांग लांब आहे, देव कुठे जात नाही." त्यांनी घड्याळाकडे पाहिले. आजी मात्र तोवर बसल्या होत्या आणि पेल्यासाठी हात पुढे करीत होत्या.